पीएफ काढला आणि बुलेट घेतली

हिंजवडीतला पहिला जॉब २०११ ला सोडला तेव्हा एचआरने फॉर्म १९ आणि १०सी पुढे सरकवले आणि मी न वाचता दोन्हीवर सह्या ठोकल्या, कारण डोक्यात फक्त बुलेट होती. बाबा म्हणाले होते, "अरे ट्रान्सफर कर, काढू नकोस", पण बाबांचं ऐकेन तर मी कसला! २०१५ ला दुसरा जॉब सोडतानाही तेच, तेव्हा तर यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) पण आला होता, ट्रान्सफर सोपं झालं होतं, पण लग्नाचा खर्च होता ना (त्यातले निम्मे हॉलवाल्याने खाल्ले, ते सोडा).

आत्ता कळतंय, १९ म्हणजे पीएफ आणि १०सी म्हणजे पेन्शनचे पैसे. पेन्शनला किमान १० वर्षं सर्व्हिस लागते आणि ते पैसे काढले की तेवढी वर्षं गेली, मोजणी परत शून्यापासून. माझी सात वर्षं अशी उडाली. वर ५ वर्षांच्या आत काढले म्हणून टॅक्स, तो वेगळाच.

बुलेट कधीच विकली. परवा धाकट्याने राजीनामा दिला, त्याच्या शेजारी बसून ट्रान्सफर क्लेम टाकायला लावला. तो विचारतो, "दादा, मग हातात किती येणार?"