अख्खं काम एकाच माणसाला का देत नाही?

‘बदल मोठा आहे, पण मी करायला तयार आहे. मग तुकडे पाडून दहा जणांत कशाला वाटता?’ मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात हे इतक्यांदा विचारलं गेलंय, की एकदाच सविस्तर सांगतो.

तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीवर, चार महिने चाललेलं काम मुख्य ब्रँचपासून रोज लांब जातं. एकाच जागी झालेले दोन वेगळे बदल, म्हणजे कॉन्फ्लिक्ट, निदान दिसतात तरी. पण दरम्यान तुम्ही काढून टाकलेलं जुनं फंक्शन वापरणारी नवी फाइल मुख्य ब्रँचमध्ये येते, बदलांची नोंद ठेवणारं गिट काही बोलत नाही, आणि दोन्ही ब्रँच मर्ज (एकत्र) झाल्यावर बिल्ड मोडतो, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयारच होत नाही. पाच हजार ओळींचा पॅच (बदलांचा गठ्ठा) नीट वाचून तपासायला रिव्ह्यूअरही मिळत नाही.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३ ही आवृत्ती आठवा; २साठी लिहिलेला बराचसा कोड तिच्यावर तसाच चालत नव्हता. ३.० डिसेंबर २००८मध्ये आलं. सल्ला असा होता, की कोड पायथॉन २मध्येच ठेवा आणि ‘टू टू थ्री’ हे रूपांतराचं साधन चालवून ३ची प्रत काढा. म्हणजे चूक एका प्रतीत सापडायची, दुरुस्ती दुसरीत, मग पुन्हा रूपांतर. शिवाय ज्या लायब्ररीवर (दुसऱ्यांच्या तयार कोडवर) तुमचा कोड उभा, ती हलेपर्यंत तुम्ही अडकलेले. आणि कितीतरी लायब्रऱ्या स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालणाऱ्या. वेग आला तो एकच कोड दोन्हींवर चालवायची पद्धत रुळल्यावर. ‘सिक्स’ लायब्ररीने फरक झाकले, आणि स्ट्रिंगआधी (कोडमधल्या मजकुराआधी) लिहायचा, ३.०मध्ये काढून टाकलेला ‘यू’ २०१२मध्ये ३.३ने परत घेतला. एक अक्षर! पण त्यामुळे टेस्ट हिरव्या (म्हणजे पास) ठेवून एकेक फाइल बदलणं सोपं झालं. तरी पायथॉन २ची मुदत २०१५वरून २०२०पर्यंत वाढवावी लागली.

म्हणून जुनं-नवं शेजारी नांदेल असा थर आधी मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) लिहायचा, दोन मॉड्यूल (कोडचे भाग) बदलून नमुना द्यायचा. उरलेल्या फाइलींची यादी सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत. यादीबाहेर जुना कॉल (जुन्या फंक्शनचा वापर) दिसला की बिल्ड नापास. एका पॅचमध्ये एकच मॉड्यूल, शक्यतो दोनशे ओळींच्या आत. नुसतं नाव बदलणं आणि वर्तन बदलणं एकत्र नको. घेतलेलं काम दोन आठवडे हललं नाही तर ते दुसऱ्यासाठी मोकळं. त्यात कुणाचा अपमान नाही.

एवढं केलं की काम आपोआप तडीस जातं, असं पूर्वी मीही म्हणायचो. नाही जात. सोप्या फाइली भराभर संपतात, उरतात त्या कुणालाच नको असलेल्या. तिथे सलग बसणारा एकटा माणूसच लागतो, हे तुमचं म्हणणं खरं. फाइल फॉरमॅट बदलताना तर आधी नवा वाचता यायला हवा, लिहायचा पुढच्या आवृत्तीत. मध्ये महिने जातात, आणि तोवर तुम्हाला कसं टिकवून ठेवायचं, हे मला अजून जमलेलं नाही.