भिंतीला टेकू नये

दुपारी तीनच्या उन्हात वाशीतल्या एखाद्या सोसायटीच्या कंपाउंडला टेकून रिक्षाची वाट बघावी आणि निघताना खांद्यावर पांढरं पीठ लागलेलं असावं, यात नवल ते काय! ‘भिंतीला टेकू नकोस’ हे वाक्य कुणाच्या लहानपणी नव्हतं? तेव्हा चुना होता, आता पेंट आहे. ‘भिंत पावडर सोडतेय,’ असं रंगारी म्हणतो आणि ब्रश शोधायला लागतो.

यात दोष पांढऱ्याचाच. पेंटमधला पांढरेपणा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची ॲनाटेस जात ३८८ नॅनोमीटरच्या आतल्या तरंगलांबीचा, म्हणजे उन्हातला अतिनील प्रकाश पिते. मग कणाच्या पाठीवर दमट हवेतलं पाणी आणि ऑक्सिजन यांपासून हायड्रॉक्सिल, सुपरऑक्साइड अशी तापट मंडळी जन्मतात आणि शेजारच्या बाइंडरला, म्हणजे कणांना धरून ठेवणाऱ्या चिकट भागाला, कुरतडत सुटतात. बाइंडरचा शेवट कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात. कण मात्र जसाच्या तसा, फक्त त्याला धरून ठेवणारं कुणी उरलेलं नसतं. खाडीकाठी ऊन आणि दमटपणा दोन्ही फुकट, त्यामुळे हे काम मजेत चालतं. म्हणून बाहेरच्या रंगात त्याची कमी तापट रुटाइल जात घालतात, तीही सिलिका-ॲल्युमिनाचा पातळ अंगरखा चढवून. आतला स्वस्त रंग बाहेर मारला तर बोलायलाच नको.

हेच भांडण प्रयोगशाळेत मुद्दाम लावतात. लिटरभर पाण्यात दहा मिलिग्रॅम मेथिलिन ब्लू हा निळा रंग, ग्रॅमभर टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर, आणि अतिनील दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळणं. हा अर्धा तास चुकवला की कणांना नुसता चिकटलेला रंगही ‘नष्ट झाला’ म्हणून वहीत जातो. पावडर वाढवली की काम वाढेल हाही भ्रमच. पाणी दुधाळ होतं, प्रकाश आत पोचत नाही. शिवाय ऑक्सिजन कमी पडला तर निळं नुसतं क्षपणानेही, म्हणजे न तुटता इलेक्ट्रॉन घेऊनही, रंगहीन होतं, आणि हवा लागली की पुन्हा निळं.

भिंतीकडे वळू. छज्ज्याखाली पीठ जास्त सापडतं, पण म्हणून रंग तिथेच जास्त बिघडला असं नाही. उघड्यावरचं पावसाने नेलेलं असतं. काळं फडकं फिरवून बघावं, पावडर तारेच्या ब्रशने उतरवून भिंत धुवावी, पुरती वाळू द्यावी, मगच प्रायमर. पिठावर थेट नवा हात मारला तर तो पिठालाच चिकटतो आणि पापुद्र्यासकट खाली येतो.

शर्टाचं म्हणाल तर कोरडंच झटका. ओला हात लावलात की ते पीठ धाग्यांत जाऊन बसतं.