९० सेकंदांचं शहर, १५ सेकंदांचं गाव

तेल अवीवहून बीरशेबाला जायला मी मुद्दाम अश्केलोनमार्गे जाणारी रेल्वेगाडी धरली. इस्रायलमधल्या विशी-पंचविशीतल्या मुलांचं युद्धकाळातलं रोजचं जगणं कळायचं तर हाच रस्ता बरा. त्यांच्या डोक्यातला नकाशा सेकंदांत मोजलेला असतो. गाझाकडून रॉकेट सुटलं आणि भोंगा वाजला की आडोशाला पोचायला तेल अवीवमध्ये ९० सेकंद मिळतात, अश्दोदला ४५, अश्केलोनला ३०, स्देरोतला १५. पुढे गाडी सीमेपासून लांब वळते आणि आकडे पुन्हा चढतात: नेतिवोत ३०, ओफाकीम ४५, बीरशेबा ६०. रेल्वेत असताना भोंगा झाला तर खिडकीच्या रेषेखाली वाकून दोन्ही हात डोक्यावर धरायचे. मोटारीत असलात तर गाडी कडेला लावायची, उतरून तिच्यापासून लांब जायचं आणि जमिनीवर पालथं पडायचं.

९० सेकंद ऐकायला पुष्कळ वाटतात. पण तेल अवीवमधल्या तरुणांच्या भाड्याच्या खोल्या बहुतेक जुन्या इमारतींत असतात आणि तिथे आसरा असलाच तर तळघरात. झोपेतून उठणं, चपला शोधणं, कुत्र्याला उचलणं, अंधारात तीन जिने उतरणं, हे सगळं त्या ९० सेकंदांत बसवावं लागतं. म्हणून बूट दाराशी, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेले असतात. आंघोळ रात्रीच्या शांत वेळेत, आणि शाम्पू लावण्याआधी क्षणभर विचार. हेडफोन एकाच कानात. मोटरसायकलचा वेग वाढतानाचा आवाज भोंग्याच्या सुरुवातीसारखाच चढत जातो. तो ऐकला की रस्त्यावरची माणसं अर्धं पाऊल थबकतात, मग चालू लागतात. तळघर नसेल तर जिना गाठायचा, पण डोक्यावर किमान दोन मजले राहतील इतकं खाली उतरायचं.

नव्या घरांत ‘ममाद’, म्हणजे हल्ल्यात आसरा घ्यायची मजबूत खोली असते. १९९१च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडली आणि त्यानंतर प्रत्येक नव्या घरात ही खोली सक्तीची झाली. आतून किमान ९ चौरस मीटर, भिंती सळईच्या काँक्रीटच्या, पोलादी दार आणि खिडकीला भिंतीच्या खाचेतून सरकत येणारी पोलादी झडप. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, कारण स्फोटाचा दाब आला की ते चौकटीवर आणखी घट्ट बसावं. एरवी ही खोली मुलांची झोपायची किंवा अभ्यासाची असते आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात. झडपेच्या वाटेत कपाट येतं. रंगारी दाराच्या रबरी पट्टीवरही रंग मारतो, मग ती कडक होते आणि हवा अडत नाही. कुणी जड दार काढून साधं लाकडी बसवतं. शिवाय काँक्रीट आणि पोलादातून मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून वायफायचा राउटर आतच ठेवावा लागतो. पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, विजेरी, पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं हेही आतच. रॉकेट हवेत फोडलं तरी त्याचे तुकडे नंतर पडत राहतात. म्हणून भोंगा थांबला तरी लगेच बाहेर पडायचं नाही.

जून २०२५ मध्ये इराणशी १२ दिवसांचं युद्ध झालं आणि हे सगळं गणित बदललं. फोनवर इशारा आधी यायचा, भोंगा नंतर. पण येणारं अस्त्र इतकं जड की जिना पुरेसा नव्हता आणि थेट आघात झाला तर ममादही तोकडी पडत होती. तेव्हा तेल अवीवमधली कितीतरी मुलं मेट्रोसारख्या रेड लाइनच्या भुयारी स्थानकांत आणि डिझेनगॉफ सेंटरखालच्या वाहनतळात चटया टाकून झोपली.

स्देरोतचं रेल्वे स्थानकच जाड काँक्रीटने बांधलेलं आहे. बसथांबेही तसेच, आणि बागेत सुरवंटाच्या आकाराचा रंगीत बोगदा आहे, तोही आसराच. इथली विशीतली मुलं त्यातच खेळून मोठी झाली. पण ७ ऑक्टोबर २०२३ला, गाझातून हमासने हल्ला केला तेव्हा, या सगळ्या रचनेतली फट उघडी पडली. ममादचं दार बाहेरून मदतपथकाला उघडता यावं म्हणून आतून कुलूप लागायचं नाही. त्या दिवशी हल्लेखोर घरात शिरले तेव्हा लोकांनी तासन्‌तास दाराचा दांडा हातांनी धरून ठेवला. रस्त्याकडेला आसऱ्यासाठी ठेवलेल्या काँक्रीटच्या खोक्यांना तर दारच नसतं. गाझा सीमेलगतच्या रेईमजवळच्या नोव्हा संगीत महोत्सवातून पळालेली मुलं त्या खोक्यांत शिरली आणि आत हातबॉम्ब आले.

त्यानंतर तीन लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले गेले. विद्यापीठांचं वर्ष ३१ डिसेंबरला सुरू झालं, तेव्हाही अनेक बाकं रिकामी होती. या ‘मिलुइम’मुळे, म्हणजे राखीव सैनिकी सेवेमुळे, घरभाडं, परीक्षा, नोकरी, प्रेम सगळंच महिन्यांच्या तुकड्यांत जगावं लागतं. या पिढीचं एकमत मात्र नाही. कुणी पुन्हा पुन्हा गणवेश चढवतो, कुणी ओलिसांसाठी शनिवारी रात्री तेल अवीवच्या रस्त्यावर उभा राहिला, कुणी सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगात गेला. बीरशेबापासून गाझा सुमारे ४० किलोमीटर. तिथल्या लोकांना भोंगा नाही, ममाद नाही, आणि तिथे हजारो लेकरं मेली आहेत. सेकंदांचा हा हिशेब मांडताना मला ते विसरता येत नाही.

बीरशेबाहून दिमोनाची बस धरली. दिमोनात कोकणातून आलेल्या बेने इस्रायली ज्यूंची मोठी वस्ती आहे. तिथल्या वयस्कर बायका अजून मराठी बोलतात, नातवंडं हिब्रू. वाटेत दोन्ही बाजूंना बेदुइन अरबांच्या पत्र्याच्या वस्त्या लागतात. सरकारची मान्यता नाही म्हणून बांधकामाचा परवाना नाही, परवाना नाही म्हणून ममाद नाही. भोंगा झाला की इथली माणसं रस्त्याखालच्या मोरीत शिरतात. एप्रिल २०२४ मध्ये इराणने पहिल्यांदा थेट इस्रायलवर क्षेपणास्त्रं डागली, त्या रात्री गंभीर जखमी झाली ती इथल्याच नेगेव वाळवंटातली सात वर्षांची बेदुइन मुलगी.