पहिल्या तासाची नोंद

आठवीत असताना विज्ञानाच्या बाईंनी एका उंच काचेच्या नळकांड्यात पाणी भरलं, तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा अलगद सोडला आणि बजावलं, "ढवळायचं नाही. रोज येऊन बघायचं, दिसेल ते लिहायचं." तिसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'सर्व पाणी एकसारखे जांभळे झाले.' पुस्तकात तसंच छापलं होतं. बाईंनी मला वहीसकट नळकांड्यापाशी नेलं. तळाशी गडद, वर जेमतेम गुलाबी. वाक्यावर लाल रेघ मारत त्यांनी एवढंच विचारलं, "हे तू कधी पाहिलंस?"

पुढे मी जे काम करत आले, ते त्या नळकांड्यातलंच आहे. फक्त खड्याच्या जागी औषध आहे आणि पाण्याच्या जागी हायड्रोजेल. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्यांचं जाळं. साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे ते पाण्यात फुगतं, पण विरघळत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स याच जातीची. प्रागमधल्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली असं जेल शरीरासाठी वापरता येईल असं मांडलं. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टरले यांनी घरी मुलाच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं यंत्र जोडून त्यावर लेन्स तयार केल्या. ही हकीकत मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण आपल्याकडे साधनं कमी आहेत असं त्याला पहिल्या आठवड्यातच वाटू लागलेलं असतं.

जेलमधून औषध बाहेर येतं ते विसरणाने, म्हणजे नळकांड्यातल्या रंगासारखं दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत. अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण चौपट लागतो. नळकांड्यात वरपर्यंत रंग चढायला इतके दिवस का लागले, ते मला इथे कळलं. जाळीची छिद्रं रेणूच्या मानाने मोठी असली, तर औषध भराभर निसटतं. इन्सुलिनसारख्या मोठ्या रेणूला घट्ट जाळीत वाट काढावी लागते. काही जेलांमध्ये आम्लाचे गट असतात. जठराच्या आम्लात ती मिटून राहतात. आतड्यात पोचली की त्या गटांवर ऋण भार येतो, साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि जाळी उघडते. औषध कुठे सुटावं हे असं जेलच्या रसायनातच लिहून ठेवता येतं. मला या विषयाने धरून ठेवलं ते यासाठी.

रोजचं काम मात्र वजनाचं. जेलची चकती ३७ अंश सेल्सिअसच्या द्रावणात ठेवायची, ठरल्या वेळी काढायची, गाळणकागदाने टिपायची, तोलायची. जोरात दाबलं तर आतलं पाणी कागदात जातं, हलकं दाबलं तर वरचं पाणी तोललं जातं. बोटांना तो दाब कळायला मला सहा महिने लागले.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या चकतीतलं जवळजवळ निम्मं औषध पहिल्या तासातच बाहेर पडलं. पुढचे आकडे सुरेख होते. आलेख दुसऱ्या तासापासून काढला असता, तर तो नजरेत भरला असता, आणि दोन रात्री मी तसा काढूनही पाहिला. तिसऱ्या दिवशी पहिला बिंदू परत घातला. लाल रेघ आठवली, हे खरंच कारण होतं.

त्या बिंदूचा माग काढताना समजलं की चकती वाळवताना पाणी पृष्ठभागाकडे सरकतं आणि औषधालाही सोबत ओढून नेतं. बरंचसं औषध मुळी जाळीत नव्हतंच, कडेला येऊन बसलं होतं. रुग्णाच्या शरीरात याचा अर्थ असा, की कित्येक दिवसांसाठी दिलेल्या मात्रेचा मोठा वाटा तासाभरात रक्तात जाणार. औषध तीव्र असेल, तर हे जिवावर बेतू शकतं. आम्ही चकतीवर औषध नसलेल्या जेलचा पातळ थर दिला, तेव्हा तो पहिला लोंढा बराच ओसरला.

सध्या प्रथिनांवर काम चालू आहे. ती जेलमध्ये महिनोन्महिने आपली घडी, म्हणजे रेणूचा मूळ आकार, टिकवून राहायला हवीत. आमच्या जेलमधून प्रथिनाचा काही भाग बाहेरच येत नाही. जाळीला चिकटतं की आतल्या आत गुठळ्या होतात, ते अजून ठरलेलं नाही. माझी एक विद्यार्थिनी रोज सकाळी नमुना काढते. वहीत पहिल्या तासाचा रकाना मी स्वतः आखून देते.