आजेसासऱ्यांचे दोन नंबर

पदकं परवा आली. छोट्याशा खोक्यात चार पदकं, रिबिनी वेगळ्या घडी केलेल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी नुसती चिडचिड आहे.

माझे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये एअर गनर होते. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीतल्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या घुमटीत, चार ब्राउनिंग मशीनगनांमागे, रात्रभर एकट्यानं बसायचं. पॅराशूट आत मावायचं नाही, ते बाहेर विमानाच्या पोटात टांगलेलं. बॉम्बर कमांडची 55,573 माणसं गेली, हे परत आले. पदकांसाठी युद्धानंतर अर्ज करावा लागे, तो त्यांनी कधी केलाच नाही. आता ऐंशीच्या घरात सासऱ्यांना ती हवीशी वाटली. ‘तुला सरकारी कागदांची सवय आहे’ म्हणत नवऱ्यानं काम माझ्या गळ्यात घातलं. सवय आहेच. मिरजेत बाबांबरोबर सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेत मी.

फॉर्म भरला, मृत्यूचा दाखला जोडला, सासऱ्यांची सही घेतली. चार महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: या नंबरचा, या हुद्द्याचा कोणी आमच्या नोंदीत नाही.

नाही म्हणजे काय? त्यांचा गळ्यातला गोल लाल बिल्ला माझ्या समोर टेबलावर होता, त्यावर सात आकडी नंबर ठोकलेला. फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची बाई म्हणाली, ‘तपशील जुळत नाहीत.’ कुठला तपशील? ‘ते आम्हाला सांगता येत नाही.’ मग मी काय दुरुस्त करू? ‘फॉर्म पुन्हा भरा.’ पुन्हा भरला, अक्षर फक्त मोठं काढलं. तीन महिन्यांनी तेच पत्र, तारीख बदलून. आमचा तलाठी निदान तोंडावर सांगायचा, काय कमी आहे ते.

उलगडा झाला तो फोटोंवरून. एकात बाहीवर सार्जंटच्या तीन पट्ट्या, छातीवर ‘एजी’ अक्षरांचा अर्धा पंख. दुसऱ्यात पंख तोच, पट्ट्या गायब, डोक्यावर अधिकाऱ्याची टोपी. मधल्या काळात त्यांना कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं होतं. आणि कमिशन मिळालं की हवाई दल नवा नंबर द्यायचं! बिल्ला सार्जंटच्या काळातला आणि मी हुद्दा लिहिला होता फ्लाइंग ऑफिसर, घरात सगळे तसंच म्हणतात म्हणून. असा माणूस खरंच कुठल्या नोंदीत नव्हता. पण दोन नंबर असू शकतात एवढं त्या बाईला सांगता आलं असतं की नाही?

तेव्हा तुमच्याकडेही असं कोणी असेल तर आधी ‘लंडन गॅझेट’ हे ब्रिटिश सरकारचं राजपत्र बघा. ते ऑनलाइन फुकट आहे. कमिशनच्या यादीत जुना नंबर, मग नाव, मग कंसात नवा नंबर असतो. मला ती ओळ रात्री साडेअकराला सापडली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. तिसऱ्या अर्जात दोन्ही नंबर लिहिले, सहा आठवड्यांत पदकं दारात.

हो, राहिलंच: पदकांच्या कडेवर नाव शोधू नका. ब्रिटननं या युद्धाची पदकं नाव न कोरताच दिली, म्हणून सोबतचं पत्र जपून ठेवा. ‘बॉम्बर कमांड’ची क्लास्प, म्हणजे रिबिनीवरची धातूची छोटी पट्टी, 2013 पासून मिळते. ती ‘1939–45 स्टार’ या पदकाच्या रिबिनीवर शिवायची असते. अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करा.

एअर क्रू युरोप स्टार मात्र आला नाही. त्याची मुदत 5 जून 1944 ला संपते. स्क्वाड्रनवरचे पहिले दोन महिने 1939–45 स्टारच्या खात्यात जातात, त्यानंतरचे पुढचे दोन या स्टारसाठी. आजेसासरे 1944 च्या मार्चमध्ये रुजू झाले होते. म्हणून फ्रान्स अँड जर्मनी स्टार. बाकी डिफेन्स मेडल आणि वॉर मेडल.

सासऱ्यांनी चारही ओळीनं मांडली आणि वडिलांचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, उघडलं. रात्रीच्या मोहिमा लाल शाईत. 30 मार्च 1944, न्यूरेंबर्ग. त्या एका रात्रीत 95 विमानं परतली नाहीत.

‘यातलं ह्याचं कुठलं?’ त्यांनी विचारलं.

मी 1939–45 स्टारवर बोट ठेवलं. त्यांनी तो उचलून त्या लाल ओळीवर ठेवला, आणि चहा टाकायला उठले.