०.१ मिलिमीटरच्या पटीतली चूक

भोसरीच्या एका गाळ्यात एमडीएफच्या (लाकडाच्या भुश्यापासून बनवलेल्या बोर्डाच्या) जाळ्या कापणारा सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं कोरीवकामाचं मशीन आहे. त्याचा जुना पीसी बंद पडला म्हणून मालकांनी ऑफिसात वापरतात तसला नवाकोरा बारका डेस्कटॉप आणला, त्यात पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या जोडणीचं) कार्ड बसवलं आणि मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर टाकलं. मशीन चाललं, पण आठ बाय चारच्या शीटवर अर्धी जाळी झाली की नक्षी एक्स दिशेला सरकायची. चार शीट वाया गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. तोवर कपलिंग, बॉलस्क्रू, ड्रायव्हरचा करंट सगळं त्यांनी तपासून ठेवलं होतं.

मी एक्सला डायल गेज (बारीक अंतर मोजणारं काट्याचं मापक) लावला आणि स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवला. शून्यावर परत आल्यावर फरक ०.३ मिलिमीटर. गेज पुन्हा शून्य करून दुसऱ्यांदा चालवलं तर ०.४, तिसऱ्यांदा ०.२. कापण्याचा भार नसतानाही चूक होत होती, म्हणजे टूल किंवा फीडचा दोष नव्हता. बॅकलॅश, म्हणजे स्क्रू-नटमधली ढील, असा साठत जात नाही. आणि ०.३५ किंवा ०.२७ असा आकडा एकदाही आला नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. या मशीनचा स्क्रू ५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तेवढं सरकवणारा, आणि मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेणारी स्टेपर. स्टेपर मोटर हुकली की बरोबर चार पूर्ण स्टेपच्या पटीतच हुकते, आणि चार स्टेप म्हणजे इथे नेमके ०.१ मिलिमीटर. केबलमधल्या नॉइजने सुटे पल्स (मोटरला पुढे सरक म्हणून सांगणारे विजेचे ठोके) गेले असते तर असे गोल आकडे आले नसते. मोटरच मध्येच ताल सोडत होती.

"साहेब, आय-फाइव्ह आहे, पीसीचा काय प्रश्न येणार?" मालक म्हणाले. ऑपरेटर मुलाला विचारलं, स्क्रीनवर कधी काही मेसेज येतो का? "सकाळी एकदा येतो सर, ओके केलं की जातो." तो 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले'चा, म्हणजे पीसीने ठरलेली वेळ चुकवल्याचा मेसेज होता. सॉफ्टवेअर चालू केल्यापासून तो एकदाच दिसतो, नंतर तोच घोटाळा शंभरदा झाला तरी गप्प राहतो.

पीसी ठरल्या वेळेपेक्षा किती उशीर करतो हे मोजणारी लेटन्सी टेस्ट लावली. पीसीवर ताण यावा म्हणून सोबत ग्लेक्सगिअर्स या ग्राफिक्सच्या प्रोग्रामच्या चार खिडक्या उघडल्या, मोठी फाइल कॉपीला टाकली. आठ मिनिटं आकडा १२ मायक्रोसेकंदांवर शांत होता, नवव्या मिनिटाला एकदम ६४०. १६०० पल्सला एक फेरा आणि ३००० मिलिमीटर प्रति मिनिट वेग धरला तर मोटरला सेकंदाला १६,००० पल्स लागतात, म्हणजे दर ६२.५ मायक्रोसेकंदांना एक. ६४० मायक्रोसेकंद पीसी गायब झाला की दहा पल्स येतच नाहीत, आणि नंतर मागे राहिलेलं अंतर भरून काढताना वेगाला झटका बसतो. तिथेच मोटर हुकते.

असा उसळणारा आकडा बहुतेक वेळा एसएमआयचा (सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्टचा) असतो. तापमान, पंखा, वीजबचत सांभाळायला बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, मध्येच प्रोसेसर आपल्या ताब्यात घेतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमला ते कळतही नाही. प्रोसेसर किती वेगवान आहे याचा इथे उपयोग नाही. हायपरथ्रेडिंग, सी-स्टेट, स्पीडस्टेप या प्रोसेसरच्या सोयी बंद करून पाहाव्या, तर या पीसीच्या बायोसमध्ये ते पर्यायच नव्हते. लॅपटॉप याच कारणासाठी मी कधी सुचवत नाही. यूएसबी ते पॅरलल केबल तर प्रिंटरपुरतीच असते, तिच्यातून स्टेप पल्स निघत नाहीत.

दुपारी लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्ससीएनसी इन्स्टॉल न करता चालतं) घेऊन जुन्या संगणकांच्या दुकानात गेलो. अट एवढीच होती की टॉवर कॅबिनेट हवं, पॅरलल पोर्ट मदरबोर्डवरच हवा, किमान दोन कोर आणि ४ जीबी रॅम हवी. दुकानातच टेस्ट लावली. पहिला पीसी ९० वर गेला, तो सोडला. दुसरा अर्ध्या तासात १९ च्या वर गेला नाही. साडेचार हजारांना मिळाला. गाळ्यावर आणून आतली धूळ उडवली, १२० जीबीची एसएसडी लावली, बायोसमध्ये वीजबचतीचं सगळं बंद केलं, पोर्ट ईपीपी मोडवर ठेवला आणि लिनक्स सुरू होतानाच्या बूटच्या ओळीत आयसोलसीपीयूज हा पर्याय घालून एक कोर रिअलटाइमसाठी राखून ठेवला. तासाभराच्या टेस्टमध्ये १४ आलं. लिनक्ससीएनसीच्या स्टेपकॉन्फ या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये मात्र १८,००० नॅनोसेकंद, म्हणजे १८ मायक्रोसेकंद भरले, थोडी ढील असलेली बरी.

नवा पीसीच वापरायचा असता तर इथरनेट केबलने जोडायचं मेसा कंपनीचं कंट्रोल कार्ड घ्यावं लागलं असतं. पल्स कार्डच तयार करतं, पीसीने दर मिलिसेकंदाला हुकूम पाठवला की झालं. पण ते कार्ड या पीसीच्या कितीतरी पट महाग पडतं. नवा डेस्कटॉप आता डिझाइन काढायला ठेवला आहे.

पीसी कंट्रोल पॅनलपासून लांब, फिल्टर लावलेल्या पेटीत बसवला, कारण एमडीएफची भुकटी पंख्यातून आत ओढली जाते. मग तोच प्रोग्राम तीनदा हवेत चालवला. गेजचा काटा तिन्ही वेळा ०.०१ च्या आत थांबला, आणि त्यानंतरच मुलाने टेबलावर पाचवी शीट ठेवली.