एकच व्हीसीपीयू दिला आणि पिंग झोपलं

चार दिवस विश्रामबागच्या घरात एकाच बगच्या मागे लागलो होतो. आमचा गेस्ट, म्हणजे होस्ट मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन, छोटा, एकच व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), मेमरी वाचावी म्हणून लिनक्स कर्नल एसएमपी (अनेक प्रोसेसरची सोय) बंद करून बिल्ड केलेला, नेटवर्क ड्रायव्हर व्हर्टआयओच्या (गेस्ट-होस्ट देवाणघेवाणीचं मानक) धर्तीवर पण आम्हीच लिहिलेला. मधूनच नेटवर्क गप्प, आणि दुसरं एखादं पॅकेट गेलं की अडकलेलं सगळं धडाधड बाहेर. प्रिंटके (कर्नलमधून लॉग छापणारा कॉल) टाकला की बग गायब! टायमिंगचा बग आहे हे तिथंच कळायला पाहिजे होतं खरं तर.

आमच्या दाराला दुधाची पिशवी अडकवलेली असते. समजा आई जागी असताना 'बेल वाजवू नका' अशी पाटी लावते, आणि परत आडवी व्हायच्या आधी पाटी काढून पिशवीत एकदा डोकावते. दूधवाल्यानं आधी दूध ठेवायचं, मग पाटी बघायची. त्यानं जिन्यातूनच पाटी बघून घेतली आणि दूध नंतर ठेवलं, तर तेवढ्यात आई रिकामी पिशवी बघून झोपलेली, आणि दूध बाहेर तापत पडलेलं.

आमचा गेस्ट नेमकं हेच करत होता. रिंगमधला (गेस्ट-होस्टची सामायिक रांग) इंडेक्स वाढवायचा आणि मग होस्टचा 'किक नको', म्हणजे 'मला उठवू नका', हा फ्लॅग वाचायचा, पण इंडेक्स अजून स्टोअर बफरमध्येच (लिहिलेलं मेमरीत जाण्याआधी थांबतं ती जागा) असताना सीपीयू फ्लॅग वाचून मोकळा. एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) वर बाकी क्रम बहुतेक नीट राहतो हो, 'आधी लिही, मग वाच' हा एक सोडून.

बॅरियर (क्रम पाळायला लावणारी सूचना) टाकलेला होता की, एसएमपी_एमबी! पण एसएमपी बंद असलेल्या कर्नलमध्ये त्याचा नुसता कंपायलर बॅरियर होतो, सीपीयूला काहीच सांगितलं जात नाही. गेस्टला वाटतं आपण एकटे, आणि होस्टचा थ्रेड शेजारच्या कोअरवर बसलाय त्याचं काय?

आधी रागात साधा एमबी टाकला, चाललं, पण तो खऱ्या हार्डवेअरसाठीचा, एक्स८६ वर थेट एमफेन्स ही जड सूचना, प्रत्येक पॅकेटला कशाला ते ओझं. याच्यासाठीच २०१६ मध्ये लिनक्समध्ये व्हर्टआयओ सांभाळणाऱ्या मायकेल त्सिर्किननी व्हर्ट_एमबी, व्हर्ट_आरएमबी, व्हर्ट_डब्ल्यूएमबी आणले, कर्नल कसाही बिल्ड करा, एसएमपीवाला बॅरियरच मिळतो. पलीकडे खरं कार्ड असेल तर मात्र हे पुरेलच असं नाही, व्हर्टआयओमध्ये त्यासाठी ऑर्डर प्लॅटफॉर्म नावाचा वेगळा फीचर बिट आहे.

एमबीच्या जागी व्हर्ट_एमबी, एक ओळ बदलली. रात्रभर पिंग चालू ठेवलं, सकाळी दूध आत घेताना बघितलं तर अजून चालूच होतं.